चालणाऱ्यांच्या पायांची जबाबदारी कोणाची?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्याची जी छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, त्यांपैकी लोकांच्या स्मरणात राहिली ती माणसांच्या चेहऱ्यांची नव्हेत, तळपायांची. कातडी सोलून निघालेले, फोड फुटून रक्ताळलेले, चिंध्या गुंडाळलेले ते पाय पाहून शहरातील मध्यमवर्ग हळहळला. अनेकांनी पाणी, खाद्यपदार्थ आणि चपला घेऊन मोर्चेकऱ्यांची वाट धरली. ६ मार्चला निघालेला मोर्चा १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून शेवटची मजल रात्रीच चालून काढण्याचा जो निर्णय त्या थकलेल्या माणसांनी घेतला, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. सरकारने बहुतेक मागण्या तत्त्वतः मान्य केल्या, मोर्चेकऱ्यांना परत नेण्यासाठी रेल्वेगाड्यांची सोय झाली, आणि पायांची चर्चा तेथेच थांबली.

ती थांबावयास नको होती. कारण त्या पायांच्या छायाचित्रांकडे ज्यांनी त्यागाचे प्रतीक म्हणून पाहिले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना एक साधा प्रश्न पडला: हे फोड टाळता आले नसते काय? कष्टकऱ्याच्या पायाला फोड येणे ही जणू ऋतुमानाप्रमाणे घडणारी गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः चालण्याने येणारा फोड ही शरीराला होणारी एक इजा आहे. तिची कारणे ठाऊक आहेत आणि ती बऱ्याच अंशी टाळताही येते. जे टाळता येते ते न टाळता त्याचे गौरवीकरण करणे ही सहानुभूती म्हणावयाची की आळस, याचा विचार मोर्चे काढणाऱ्यांनी, दिंड्या नेणाऱ्यांनी आणि त्यांच्या वाटेवरील गावांनीही करावयास हवा.

वाशीम जिल्ह्याला हा विषय परका नाही. रिसोड तालुक्यातील केनवड हे मालेगाव-मेहकर रस्त्यावरचे गाव. नागपूरहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे जाणारी जुनी वाट ती हीच. या रस्त्याने आज मालमोटारी धावतात. पण या टापूतील माणसाला पायी चालण्याची ओळख मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी गेली पन्नासहून अधिक वर्षे याच रिसोड तालुक्यातून पुढे मराठवाड्यात उतरते. एका बाजूचेच अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक, आणि ते सुमारे महिनाभरात चालावयाचे. शिवाय, नागपूर आणि औरंगाबाद या दोन शहरांमधील अंतर पायी तोडण्याचा निर्धार करून नोव्हेंबर १९७९ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली जो लाँग मार्च निघाला, तोही विदर्भ ओलांडून बुलढाणा जिल्ह्यातील खडकपूर्णा नदीपर्यंत गेला व तेथे अडविला गेला. थंडीचे दिवस, अपुरे अन्न आणि रोज सुमारे तीस किलोमीटर चाल, असे त्या मोर्च्याचे वर्णन त्याचे नेते करीत आले आहेत. नामांतर व्हावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. त्या लढ्याच्या इतिहासात लाठ्यांची, अटकेची आणि बलिदानाची नोंद आहे, ती असावयासच हवी. पायांची नोंद मात्र कोणी ठेवल्याचे दिसत नाही.

प्रथम फोड म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयीची सर्वसाधारण समजूतच चुकीची आहे. कातडी घासली गेली की फोड येतो, असे आपण म्हणतो. पण पातळ कातडी घासली गेली तर ती खरचटते. तिला फोड क्वचितच येतो. फोड येतो तो तळपाय, टाच, तळहात अशा जाड आणि खालच्या भागाला घट्ट बांधलेल्या कातडीला. याचे कारण एका लहानशा प्रयोगाने ध्यानात येईल. एका हाताचे बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर दाबून धरावे आणि ते न घसरू देता पुढे-मागे हलवावे. बोट जागचे हलत नाही, कातडीही बोटाला चिकटून राहते, पण खालचे हाड मात्र सरकत असते. पावलात हेच घडते. ओलसर कातडी वहाणेला किंवा मोज्याला चिकटून बसते, आतील हाड प्रत्येक पावलागणिक पुढे सरकते, आणि या दोहोंच्या ओढाताणीत बाह्यत्वचेचे मधले थर एकमेकांपासून सुटतात. सुटलेल्या पोकळीत पाझरून द्रव जमतो, तोच फोड. तीस किलोमीटर चालणारा माणूस दिवसाकाठी चाळीस हजारांच्या आसपास पावले टाकतो. एवढ्या वेळा ताणली गेलेली कातडी कोठेतरी सुटणारच.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, ओल हा फोडाचा सर्वांत मोठा साथीदार आहे. अगदी कोरडी कातडी घसरते, पूर्ण भिजून निथळणारी कातडीही काहीशी घसरते. पण घामाने दमट झालेली कातडी सर्वांत अधिक चिकटते. आषाढीच्या पालख्या या भागातून जातात त्या मृगाच्या आगेमागे. वर पावसाची सर, खाली काळी चिकण माती, वहाणेत शिरलेला चिखल आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या. फोडासाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. दुसरी गोष्ट ओझ्याची. पाठीवरचे गाठोडे, डोक्यावरचे तुळशीवृंदावन, खांद्यावरचा झेंडा, प्रत्येक वस्तू तळपायावरील दाब वाढविते आणि दाबाबरोबर ती ओढाताणही वाढते.

अनवाणी चालण्याची ज्यांना जन्माची सवय आहे त्यांना फोड येत नाहीत, असा एक लाडका समज आहे. घट्टे पडलेला तळपाय काट्याकुट्याला दाद देत नाही हे खरे. पण घट्टा जितका जाड तितका त्याच्याखालील थरांवरचा ताण कमी होतो असे नाही. घट्ट्याखाली आलेला फोड तर खोल असतो, बाहेरून दिसत नाही, आणि तो अधिक दुखतो. शेतातील मऊ मातीत अनवाणी वावरणे निराळे आणि उन्हात तापलेल्या डांबरावरून मैलोगणती चालणे निराळे. २०१८ च्या मोर्च्यातील आदिवासी शेतकरी काही शहरातून आलेले सुखवस्तू नव्हते. डोंगर चढण्या-उतरण्याची आयुष्यभराची सवय त्यांच्या पायांना होती. तरीही जे व्हावयाचे ते झाले.

येथे चालीच्या वेगाचा मुद्दा येतो, आणि सगळ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. नाशिक ते मुंबई हे सुमारे १८० किलोमीटरांचे अंतर सहा दिवसांत तोडावयाचे म्हणजे रोज तीस किलोमीटर. १९७९ च्या लाँग मार्चचीही मजल तीसच. आता याच्याशी गांधीजींच्या दांडीयात्रेची तुलना करून पाहावी. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली ती यात्रा सुमारे ३८५ किलोमीटर चालली, तिला २४ दिवस लागले, आणि दर सोमवारी विश्रांती होती. सरासरी काढली तर रोजचे सोळा किलोमीटर पडतात. साठी उलटलेला नेता स्वतः पायी चालत होता म्हणून मजल बेताची ठेवली गेली असेल, असे कोणी म्हणेल. तसे असले तरी त्यातून निघणारा बोध बदलत नाही. मोर्च्याची मजल सर्वांत तरण्या कार्यकर्त्याच्या पायावरून ठरवावयाची नसते.

हे शहाणपण वारकरी संप्रदायाने फार पूर्वी आत्मसात केलेले आहे. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी अडीचशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर अठरा-वीस दिवसांत पुरे करते. रोजची चाल सकाळी लवकर सुरू होते, मध्ये विसावे असतात, दुपारची न्याहारी-भोजने ठरलेल्या गावी होतात. सर्वांत मोठी मजल पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या आसपास आणि वर दिवेघाटाची चढण. या मजलेनंतर पालखीचा सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. त्यामागील धार्मिक कारण कोणी काहीही सांगो, घाट चढून आलेल्या हजारो पायांना त्या एका दिवसाने उसंत मिळते, ही वस्तुस्थिती आहे. त्या उसंतीत वहाणा शिवल्या जातात, कपडे वाळतात, फोड सुकतात. वारीच्या वाटेवर विनामूल्य वहाणा दुरुस्त करून देणारे चर्मकार आणि वारकऱ्यांचे पाय चेपणारे, मलमपट्टी करणारे स्वयंसेवक असतात. त्यांची सेवा कीर्तनाइतकीच वारीचा भाग होऊन बसली आहे. राजकीय मोर्च्यांनी दिंडी हा शब्द वारीकडून घेतला, टाळ-मृदंगही घेतले. विसाव्याचे वेळापत्रक तेवढे घ्यावयाचे राहून गेले.

लष्कराच्या इतिहासातूनही हेच दिसते. पहिल्या महायुद्धात खंदकांतील थंडी आणि ओलीने सैनिकांचे पाय सडू लागले तेव्हा ब्रिटिश सैन्याने तो सैनिकाच्या नशिबाचा भाग मानला नाही. मोजे बदलणे, पाय कोरडे करून त्यांना व्हेलचे तेल चोळणे आणि अधिकाऱ्याने प्रत्येक सैनिकाचे पाय स्वतः तपासणे सक्तीचे झाले. एखाद्या तुकडीत पाय बिघडल्याचे प्रमाण वाढले तर त्याचा जाब अधिकाऱ्याला विचारला जाई. सैन्याच्या इतर अनेक गोष्टी अनुकरणीय नसतील. ही एक आहे. चालणाऱ्याच्या पायाची जबाबदारी चालविणाऱ्यावर टाकली की उपाय आपोआप सुचू लागतात.

उपाय तरी काही फार खर्चाचे आहेत असे नाही. लांबच्या चालीसाठी नवी वहाण किंवा नवा बूट घेऊन निघणे ही सर्वांत मोठी चूक. नवी वहाण चावते हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. तरीही यात्रेला, मोर्च्याला, लग्नाच्या वरातीला आणि पोलीस भरतीच्या धावण्याला माणसे हटकून नवे पादत्राण घालतात. वाशीम जिल्ह्यातील रस्त्यांवर पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले-मुली दिसतात. वर्षभर फाटक्या कॅनव्हासच्या बुटांत सराव केलेला मुलगा सोळाशे मीटरच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी उसनवारीने आणलेले बूट घालतो आणि तिसऱ्या फेरीत लंगडतो. त्याच्या शिक्षकाने त्याला ही एक गोष्ट वेळेवर सांगितली तरी पुष्कळ होईल. पादत्राण किमान दोन-तीन आठवडे रोज वापरून पायाशी जुळलेले असावे. चालताना पाय फुगतो, म्हणून बोटांपुढे थोडी मोकळी जागा असावी. टाच मात्र आत सरकू नये. रबरी स्लीपर घरात ठीक. लांबच्या चालीत तिचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात कापतो आणि टाच प्रत्येक पावलाला मागेपुढे सरकते.

बूट वापरणाऱ्यांनी जाड सुती मोज्यावर भरवसा ठेवू नये. सूत घाम पिते आणि तो धरून ठेवते. आत पातळ, घाम न धरणारा मोजा आणि वर जाड मोजा अशी दुहेरी योजना अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षणार्थींवर आजमावून पाहिली गेली आणि फोडांचे प्रमाण घटले. हिशेब सरळ आहे. दोन मोजे एकमेकांवर घसरतात, म्हणून कातडीवरचा ताण कमी होतो. त्याहूनही स्वस्त उपाय कागदी चिकटपट्टीचा. जखमेवरील पट्टी धरून ठेवण्यासाठी दवाखान्यात वापरतात ती साधी, कमी चिकटणारी पट्टी निघण्यापूर्वीच कोरड्या टाचेवर आणि बोटांवर लावल्यास फोडांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष अमेरिकेतील डॉ. ग्रँट लिपमन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अडीचशे किलोमीटरांच्या शर्यतीत धावणाऱ्या १२८ धावपटूंवर ही पाहणी झाली होती. याच गटाच्या आधीच्या एका पाहणीत पट्टीचा फायदा दिसला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जी वस्तू कोणत्याही औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते आणि जिच्यापासून अपाय नाही, ती वापरून पाहण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

तेलाची गोष्ट निराळी. निघताना पायांना खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळण्याची पद्धत आहे. त्याने पहिला तासभर घर्षण कमी होते. पण तीनेक तासांनंतर ते मूळच्यापेक्षाही वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे तेल लावावयाचे तर प्रत्येक विसाव्याला पाय पुसून पुन्हा लावावयास हवे. सकाळी एकदा लावून दिवसभर चालणारा माणूस दुपारनंतर स्वतःचेच नुकसान करून घेत असतो. घाम रोखणारी रसायनेही अमेरिकी लष्करी छात्रांवर वापरून पाहिली गेली. फोड निम्म्याहून कमी झाले, पण निम्म्याहून अधिक छात्रांच्या पायांची आग होऊ लागली. तो नाद सोडलेलाच बरा.

या सर्वांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे वेळेवर थांबणे. फोड येण्यापूर्वी त्या जागी चुरचुर होते, ऊब जाणवते, कातडी लाल होते. ही पाच मिनिटे थांबण्याची खूण आहे. वहाण काढावी, पाय पुसावा, खडा काढावा, पट्टी लावावी. परंतु रांगेत चालणारा माणूस थांबत नाही. मागचा पुढे जाईल, आपण दिंडीतून तुटू, लोक नाजूक म्हणतील, ही भीती त्याला पुढे ढकलते. म्हणून हे थांबणे व्यक्तीच्या मर्जीवर सोडून चालत नाही; दर तासाला सर्वांनीच थांबावयाचे आणि सर्वांनीच वहाणा काढावयाच्या, असा शिरस्ता पुढाऱ्याने घालून द्यावा लागतो.

फोड आलाच तर तो फोडू नये. त्याची कातडी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली मलमपट्टी होय. तिच्याखाली दोन-तीन दिवसांत नवा थर धरू लागतो. टाचेवर मोठा, तट्ट फुगलेला फोड असेल आणि चालणे भागच असेल, तर पाय साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून द्रव काढावा आणि वरची कातडी तशीच ठेवून स्वच्छ पट्टी बांधावी. सुई-दोरा ओवून दोरा फोडातच ठेवण्याची जी रीत काही ठिकाणी आहे ती मोडली पाहिजे, कारण तो दोरा म्हणजे जंतूंसाठी घातलेला पूल असतो. पायाच्या फोडाला कोणी क्षुल्लक म्हणत असेल तर त्याने १९२४ सालची घटना आठवावी. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला, बोटाला फोड आला, तो चिघळला, आणि आठवडाभरात रक्तदोषाने त्या मुलाचा मृत्यू झाला. व्हाइट हाउसमधील वैद्यकीय सेवा त्याला वाचवू शकली नाही. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर चार वर्षांनी लागला.

आज प्रतिजैविके आहेत, पण एक नवे संकटही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. वारीत आणि मोर्च्यांत चालणाऱ्यांमध्ये पन्नाशी-साठी ओलांडलेले पुष्कळ असतात, आणि त्यांतील कित्येकांना आपल्याला मधुमेह असल्याचे ठाऊकही नसते. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना मंदावते. अशा माणसाला चुरचुर जाणवत नाही, फोड जाणवत नाही, खडा रुतला तरी जाणवत नाही. संध्याकाळी वहाणेत रक्त दिसते तेव्हा कळते. त्यातून होणाऱ्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत आणि काहींच्या बाबतीत पाय कापण्यापर्यंत पाळी येते. विदर्भाने ही संवेदनाहीन पायाची व्यथा कुष्ठरोगाच्या निमित्ताने पूर्वीच पाहिली आहे. बधिर पायांच्या रुग्णांसाठी मऊ रबराच्या खास चपला देण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली, आणि रोज संध्याकाळी स्वतःचे तळपाय डोळ्यांनी तपासण्याची शिस्त रुग्णांना शिकविली गेली. मधुमेही वारकऱ्याला हीच शिस्त हवी. त्याने अनवाणी चालण्याचा नवस करू नये, आणि केला असल्यास तो फेडण्याचा दुसरा मार्ग त्याला कोणा जाणत्या कीर्तनकाराने सांगावा. डॉक्टरांपेक्षा त्यांचे शब्द अधिक ऐकले जातील.

मग प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. मोर्च्याला परवानगी देताना मार्ग, वेळ आणि संख्या विचारली जाते, म्हणजे वाहतुकीची आणि बंदोबस्ताची काळजी घेतली जाते. रोजची मजल किती, विसावे कोठे, पाय धुण्यास पाणी कोठे, हे कोणी विचारीत नाही. विचारण्याचा अधिकार प्रशासनाला दिला तर तो मोर्चे अडविण्यासाठी वापरला जाईल, ही शंका अनाठायी नाही. खडकपूर्णेचा अनुभव विसरण्याजोगा नाही. तेव्हा ही जबाबदारी आयोजकांनी आपण होऊन घेणे हेच श्रेयस्कर. ज्या संघटना महिनाभर आधी झेंडे शिवून घेतात, त्यांना प्रत्येक शंभर माणसांमागे एक पायांची पेटी बरोबर घेणे जड नाही. तीत कागदी पट्ट्या, साबण, स्वच्छ कापड, सुया आणि कात्री एवढेच हवे. शिवाय वहाण शिवणारा एक माणूस.

वाटेवरील गावांचेही काही देणे लागते. पालखीचे स्वागत करताना जेवणाच्या पंगती उठतात, चहाच्या पातेल्यांना खळ पडत नाही. या आतिथ्याला तोड नाही. त्याच मांडवात एका कोपऱ्यात बसावयास बाके, पाय धुण्यास पाण्याच्या बादल्या, पुसण्यास कोरडे कापड आणि आरोग्य केंद्रातील एक परिचारिका असली, तर पंगतीतून उठलेला वारकरी पुढच्या मुक्कामी लंगडत जाणार नाही. रिसोड तालुक्यातील शाळांमधील वरच्या वर्गांची मुले हे काम एका दिवसाच्या शिकवणीत उचलू शकतील. पालखी येते तेव्हा शाळा अजून उघडलेल्या नसतात किंवा नुकत्याच उघडू घातलेल्या असतात, त्यामुळे अभ्यास बुडण्याचीही सबब नाही. पाहुण्याचे पाय धुण्यास पाणी देण्याची चाल या भागात जुनीच आहे. दारात ठेवलेला तांब्या तेवढा उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवावयाचा आहे.